स्थिर वजन

रोज सकाळी चहाच्या आधी कुमुद वजनकाट्यावर उभी राहत असे आणि मुरलीधर भारंबे कपाळावरचा चष्मा खाली ओढून आकडा वाचीत असत. गेल्या वर्षभरात त्या आकड्याने त्यांना एकदाही दगा दिला नव्हता.

"तेवढंच?" कुमुद विचारी.

"तेवढंच," ते म्हणत, आणि त्यानंतरचा चहा त्यांना विशेष गोड लागे.

मुरलीधररावांची सारी हयात भुसावळजवळच्या औष्णिक वीजकेंद्रात मापनयंत्रांच्या संगतीत गेली होती. तंत्रनिकेतनाची पदविका घेऊन ते तेथे रुजू झाले आणि नियंत्रण कक्षाचे प्रमुख म्हणून निवृत्त झाले. बॉयलरचा दाब, वाफेचे तापमान, पाण्याची पातळी यांचे काटे वाचता वाचता त्यांनी आयुष्याविषयीही एक नियम बांधून घेतला होता: जे ठरल्या मापावर स्थिर चालले आहे, त्याला उगाच हात लावू नये.

कुमुदची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली तेव्हा हाच नियम त्यांच्या कामी आला. प्रथिने पचल्यावर जो युरिया तयार होतो, तो बाहेर टाकण्याची ताकद दुखऱ्या मूत्रपिंडांत नसते. म्हणून डाळ, दूध, दही, शेंगदाणे सारेच बेताने द्या, असे डॉक्टरांनी सांगितले. मुरलीधररावांनी स्वयंपाकघरात छोटा काटा आणून ठेवला. वाटीतली डाळ मोजूनच शिजू लागली. पोटॅशियम निघून जावे म्हणून भाज्या चिरून कोमट पाण्यात भिजवायच्या, ते पाणी फेकायचे आणि मग फोडणीला टाकायच्या, हेही तेच करीत. चोहीकडे केळीच्या बागा असलेल्या मुलखात त्यांच्या घरी केळे येणे बंद झाले. या पथ्यावर कुमुदने डायलिसिसशिवाय काही वर्षे काढली. डॉक्टरांनी मुरलीधररावांची पाठ थोपटली, आणि त्या शाबासकीचे त्यांना जरा जास्तच अप्रूप वाटले.

पुढे डायलिसिस अटळ झाले. पण तोवर रुग्णालयात जाऊन पडून राहण्याचे दिवस सरले होते. प्रवासी बॅगेएवढे यंत्र घरीच आले. त्यात रुग्णाचे 'कोरडे वजन' भरायचे, म्हणजे अंगावर जादा पाणी नसतानाचे वजन. आणि यंत्र रक्त गाळता गाळता तेवढ्या मापापर्यंत पाणी ओढून घेई. सारी मापे आपोआप केंद्राच्या पडद्यावर जात, आणि सगळे ठीक असले की यंत्रावर हिरवा दिवा लागे. यंत्र सुरू झाले त्याच आठवड्यात केंद्रातली आहारतज्ज्ञ मुलगी पडद्यावर येऊन म्हणाली होती, "काका, आता जुनं पथ्य विसरा. डायलिसिसमधून प्रथिनं वाहून जातात. डाळ वाढवा, पनीर द्या, चांगलं भरपूर खाऊ द्या काकूंना."

मुरलीधररावांनी ऐकले आणि काही दिवस करूनही पाहिले. युरिया चढला. त्यांनी पथ्य पूर्ववत केले. युरिया उतरला, वजन जागचे हलले नाही आणि दिवा हिरवाच राहिला. कोवळ्या मुलीचे पुस्तकी बोलणे खरे मानायचे की डोळ्यांसमोरचे काटे, हा प्रश्न त्यांच्या लेखी तिथेच सुटला.

"भूक लागते हो मला," कुमुद सुरुवातीला म्हणे.

"ती भूक नव्हे, जुनी सवय आहे. काटा बघ ना. वजन गुंजभर तरी घटलंय का?"

कुमुद काटा बघे आणि गप्प बसे. पुढे पुढे तिने म्हणणेच सोडले. बांगड्या मनगटावरून कोपराकडे घसरू लागल्या, तेव्हा वयाबरोबर हाडे बारीक होतात असे ते म्हणाले. संध्याकाळी तिचे घोटे सुजत, तेव्हा ते पायाखाली उशी देत.

*

जैवमूत्रपिंडाची बातमी आली आणि घरात पुन्हा उद्याच्या गोष्टी निघू लागल्या. मुठीएवढ्या सच्छिद्र डबीत प्रयोगशाळेत वाढवलेल्या मूत्रपिंडाच्या जिवंत पेशी. ती डबी पोटात बसवली, रक्तवाहिन्यांना जोडली की यंत्राची गरज संपली. कुमुदच्या मापाची डबी तयार होत होती. पेशी ठरावीक काळच टिकतात, म्हणून उन्हाळा संपायच्या आत शस्त्रक्रिया व्हायला हवी होती. त्याआधी जळगावच्या केंद्रात एक तपासणी होती, एवढेच.

डॉ. नसीमा तडवी या यावलकडच्या होत्या. चाळिशीच्या आत-बाहेरच्या, बोलणे मोकळे, पण डोळे सतत काहीतरी टिपणारे. त्यांनी आधी डायलिसिसच्या नोंदींकडे पाहिलेच नाही. कुमुदच्या समोर खुर्ची ओढून त्या बसल्या आणि तिच्या कानशिलांवरून अंगठे फिरवले. मग गळ्याच्या हाडाच्या वरचा खळगा, खांद्याची कड, अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग त्या चाचपीत गेल्या. शेवटी स्वतःची दोन बोटे पुढे केली.

"काकू, दाबा. जोरात. तुमचा राग आलाय मला असं समजा."

कुमुदने दाबली. डॉक्टरांच्या चेहऱ्यावर काहीच उमटले नाही, हे मुरलीधररावांना खटकले.

"जेवण कसं आहे?"

"हे देतात ना मोजून," कुमुद अभिमानाने म्हणाली. "यांच्यासारखं कोणी करणार नाही."

मानेमागून मुळासकट एक लांब केस उपटून घेतला गेला. मुरलीधररावांनी केस तपासणाऱ्या यंत्राची चौकशी केली, तेव्हा डॉक्टरांनी सांगितले ते असे. केस महिन्याला साधारण करंगळीच्या नखाच्या रुंदीएवढा वाढतो. एकदा वाढलेला भाग पुन्हा बदलत नाही. म्हणजे मुळाजवळ आजचा दिवस असतो आणि टोकाकडे गेलेली वर्षे. अन्नात नायट्रोजनचे अणू दोन जातींचे असतात, एक हलका आणि एक किंचित जड. शरीर युरियातून हलके अणू अधिक सहज बाहेर टाकते, त्यामुळे आपल्या स्वतःच्या मांसात जड अणूंचे प्रमाण थोडे चढेच असते. माणूस पोटभर जेवतो तेव्हा त्याचा केस अन्नातून घडतो. तो उपाशी राहिला, तर शरीर आपलेच मांस वितळवून त्यातून केस घडवते, आणि केसात जड नायट्रोजन वाढत जातो. जोडीला कार्बनचेही असेच माप घेतले, की वाढ मांसाहारामुळे आहे की उपासमारीमुळे, हे वेगळे काढता येते. सुईच्या अग्राहूनही बारीक लेसर केसाच्या लांबीवरून चालतो, कणाकणाची वाफ करतो आणि त्या वाफेतले अणू तोलतो.

"मग रक्ताची तपासणी आणि वजन कशाला?" मुरलीधररावांनी विचारले.

"सवय म्हणून," डॉक्टर हसून म्हणाल्या. "मूत्रपिंडाच्या रोग्यात दोन्ही फसवतात, काका. रक्तातली प्रथिनं साध्या सुजेनंसुद्धा खाली येतात. आणि वजन तर काय, मांस गेलं की त्या जागी पाणी येऊन बसतं. काटा म्हणतो सगळं जागच्या जागी आहे."

मुरलीधररावांना रोज सकाळचा आकडा आठवला. पण त्यांनी मान डोलावली.

थोड्या वेळाने डॉक्टरांनी त्यांना एकट्यालाच आत बोलावले. पडद्यावर केसातल्या जड नायट्रोजनची एक रेघ होती, जिचे शेवटचे टोक छताकडे चालले होते.

"काकूंचं शरीर स्वतःलाच खातंय. या स्थितीत डबी बसवली तर जखम भरणार नाही. प्रत्यारोपण समिती परवानगी देणार नाही, आणि मीही मागणार नाही."

"हे शेवटच्या महिन्याचं झालं. मागचं दाखवा."

"आमच्याकडे मागचं दाखवत नाहीत, काका. मुळाजवळचंच बघायचं आणि उपचार करायचा." त्या त्यांच्याकडे वळल्या. "हे केसांचं यंत्र आल्यापासून घरं फुटली. कुणाच्या सुनेचं नाव निघालं, कुणाच्या लेकाचं. भूक कधी लागली हे कळलं, की कुणी लावली हेही कळतं. मागितलंत तर नाही म्हणता येत नाही. पण मागू नका."

"मी मापनयंत्रांचा माणूस आहे," मुरलीधरराव म्हणाले. "अर्धा आलेख मी आयुष्यात वाचलेला नाही. दाखवा."

रेघ मागे सरकली. डायलिसिसच्या आधीची वर्षे जवळजवळ सपाट होती. मग घरी यंत्र आले, त्या सुमारास ती उचलली गेली आणि चढतच राहिली. मध्ये मात्र एका ठिकाणी ती खाली वाकली होती. एखाद्या माणसाने चढ चढताना टेकावे तशी. पुढे पुन्हा चढ.

"इथं कधीतरी त्या व्यवस्थित जेवल्यात," डॉक्टर बोट ठेवून म्हणाल्या. "साधारण गेल्या श्रावण-भाद्रपदात. त्या वेळी काय वेगळं होतं, हे कळलं तर बरं. तोच उपाय."

त्या वेळी मुरलीधरराव चंद्रपूरला होते. तिथल्या जुन्या संचातील यंत्रणा उतरवताना माहितगार माणूस हवा म्हणून त्यांना बोलावणे आले होते, आणि कुमुद आपले यंत्र घेऊन सावद्याला धाकट्या बहिणीकडे राहिली होती. परत आल्यावर युरिया चढलेला पाहून त्यांनी मेहुणीला फोनवर सुनावले होते, "सिंधू, माझी सगळी मेहनत तू वरणात बुडवलीस."

"आठवत नाही," ते म्हणाले.

परतीच्या वाटेवर कुमुद गाडीत झोपली. मुरलीधररावांना नियंत्रण कक्षातली एक जुनी गोष्ट आठवली. नव्या मुलांना ते स्वतःच ती शिकवीत. बॉयलरच्या ड्रममधून एकाएकी जास्त वाफ ओढली, की आतला दाब पडतो, पाण्यात बुडबुडे फुगतात आणि पातळी दाखवणारा काटा वर चढतो. नवखा माणूस म्हणतो, पाणी भरपूर आहे, आणि येणारे पाणी कमी करतो. प्रत्यक्षात ड्रम रिकामा होत असतो. 'फुगलेल्या पातळीवर विश्वास ठेवू नका,' हे वाक्य त्यांनी किती पोरांकडून घोकून घेतले होते! आणि घरी कोरड्या वजनाचा तोच आकडा त्यांनीच यंत्रात कायम ठेवला होता. कुमुदच्या अंगातून जेवढे मांस गेले, तेवढे पाणी त्यांनी स्वतःच्या हाताने आत राहू दिले होते. कमी युरियाचाही अर्थ आता उघड होता. जिथे अन्नच आत जात नाही, तिथे युरिया येणार कुठून?

*

घरी पोचल्यावर खरे सांगण्याचा त्यांचा निश्चय होता. पण कुमुदने उंबऱ्यातच विचारले, "काय म्हणाल्या बाई? काही चुकलं का आपलं?" त्या 'आपलं'पुढे त्यांची जीभ अडखळली.

"चुकलं नाही. नियम बदललेत. नवं संशोधन आहे. आता जास्त खायचं, आणि यंत्रातलं वजन हळूहळू उतरवायचं."

"नियम कसे बदलतील? शरीर तेच आहे ना?"

"डॉक्टरांनी सांगितलंय."

त्यांनी कामाला सुरुवात केली. वरणात डाळीला डाळ दिसू लागली. पनीर आले, उडदाचे घुटे शिजले. कुमुद दोन घास घेई आणि ताट सरकवी. ज्या जिभेला महिनोन्महिने गप्प बसवले होते, ती आता काही मागायलाच तयार नव्हती. त्यात रोगाने तोंडाला येणारी धातूसारखी चव होतीच.

यंत्र मात्र आपले काम चोख करीत होते. डॉक्टरांच्या सांगण्यावरून मुरलीधरराव कोरड्या वजनाचा आकडा थोडा थोडा खाली आणीत होते आणि पाणी उतरत होते. त्या पाण्याखालून जी कुमुद वर येत होती, तिला ते ओळखत नव्हते. गालांची हाडे आली. दंडावरची कातडी रिकाम्या बाहीसारखी लोंबू लागली. पाठीवर हात ठेवला तर मणका मणका हाताला लागे.

काट्यावरचा आकडा रोज उतरू लागला, तशी कुमुद घाबरली.

"अहो, बघा तरी! वर्षभर हललं नाही ते आता घसरतंय. हे नवं खाणंच बाधतंय मला."

"पाणी जातंय ते."

"तुम्हीच म्हणत होतात ना, वजन जागेवर म्हणजे सगळं जागेवर? मग?" आणि पनीरची वाटी तिने झाकून ठेवली. "त्या तडवीबाई शिकलेल्या असतील; पण त्यांनी काय मला रोज मोजलंय? तुम्ही मोजलंय. मी तुमच्याच पथ्यानं राहणार."

संध्याकाळी सिंधूचा फोन आला. कुमुदची ही पाठची बहीण; तिला भीडभाड ठाऊक नव्हती. पडद्यावर बहिणीचा चेहरा पाहताच तिने फोन डोळ्यांजवळ ओढला.

"माय वो! आक्का, हे काय झालं तुले? काय वो भाऊजी, बायको हाय का खुंटीवरचं लुगडं?"

"उपचार चालू आहेत," मुरलीधरराव म्हणाले.

"कशाचे उपचार? माझ्याकडं होती तवा दोन बट्ट्या खाऊन अंगणात फिरत होती. तुम्ही मले फोनवर झापलं, आठवतं ना? मी म्हटलं, जाऊ दे बापा, शिकेलसवरेल माणूस हाय."

"सिंधू, उगाच यांना बोलू नको," कुमुद मधे पडली. "यांनी केलं म्हणून मी आज आहे."

मुरलीधररावांनी फोनसमोरून उठून पाण्याचा ग्लास आणायला जाण्याचे निमित्त केले.

*

पुढच्या तपासणीत मुळाजवळची रेघ आणखी वर गेलेली होती. बाहेर कुमुद बाकावर डोळे मिटून बसली होती.

"खात नाहीत?" डॉक्टरांनी विचारले.

"नाही."

"ऐकतात कुणाचं?"

"माझं."

"मग तुम्ही सांगा."

"सांगितलं. म्हटलं, नियम बदललेत, डॉक्टरांचा हुकूम आहे."

डॉ. तडवींनी पेन खाली ठेवले. "म्हणजे माझ्या नावावर ढकललंत. काका, त्यांचा माझ्यावर विश्वास का असावा? त्यांचा विश्वास तुमच्या काट्यावर आहे. तो काटा चुकला हे त्यांना दुसरं कुणी सांगून पटणार नाही." मग जरा हळू आवाजात म्हणाल्या, "ती वाकलेली रेघ तुम्हाला आठवली असेल, असं मला तेव्हाच वाटलं होतं. मला नका सांगू. पण डबीतल्या पेशी आपल्यासाठी थांबत नाहीत. पुढच्या वेळी रेघ खाली आली नाही, तर ती डबी दुसऱ्या कुणाला नाही बसणार आणि काकूंनाही नाही. टाकून द्यावी लागेल."

त्या दुपारी ऊन चटचटत होते. कुमुद पंख्याखाली खाटेवर पडली होती. मुरलीधरराव तिच्या पायाशी बसले. सांगण्यासाठी त्यांनी मनात वाक्ये जुळवून आणली होती, तांत्रिक अहवालासारखी: कारण, परिणाम, निष्कर्ष. त्यातले एकही कामाला आले नाही. त्यांनी तिच्या नडगीवर अंगठा दाबून धरला आणि उचलला. तिथे खळगा पडला आणि तसाच राहिला.

"हे बघ. आकडा एवढा उतरवूनही अजून पाणी आहे. वर्षभर मी हे मोजत होतो. तुला नाही."

"काय बोलताय?"

"नियम बदललेले नाहीत, कुमुद. यंत्र घरी आलं त्याच आठवड्यात त्या मुलीनं मला सांगितलं होतं, भरपूर खाऊ द्या म्हणून. मी दिलं नाही. युरिया कमी दिसला की मला बरं वाटायचं. तो कमी होता, कारण तू उपाशी होतीस. वजन हलत नव्हतं, कारण तुझं मांस जात होतं आणि मी पाणी राहू देत होतो. रोगानं नाही झालं हे. मी केलं."

कुमुद उठून बसायला धडपडली. त्यांनी हात पुढे केला, तो तिने घेतला नाही. भिंतीला धरून ती बसली.

"मी म्हणत होते, भूक लागते."

"हो."

"तुम्ही म्हणालात, सवय आहे."

"हो."

"मला खरं वाटलं हो ते!" तिचा आवाज चिरकला. "मले वाटलं, आपली जीभच चोरटी झालीय. नवरा एवढं करतो आणि आपलं लक्ष डब्यांकडे. सावद्याला सिंधूनं बट्टी कुस्करून वरण ओतलं, ते मी पोटभर खाल्लं, आणि मग देवघरापुढं बसून माफी मागितली. तुम्हाला न सांगता खाल्लं म्हणून." तिचे डोळे कोरडे होते. "त्या केसात दिसतं का हो ते? सावद्याचं?"

मुरलीधररावांना खोटे बोलण्याची ही शेवटची संधी होती.

"दिसतं. तेवढंच एक बरं दिसतं."

कुमुदने बराच वेळ त्यांच्याकडे पाहिले. लग्नाला एवढी वर्षे झाली; पण अशा नजरेने तिने त्यांना कधी पाहिले नव्हते. बाजारात वस्तू हातात घेऊन उलटीपालटी करून बघावी, तशी ती नजर होती.

"मग मला सावद्याला सोडा," ती म्हणाली. "आणि तुम्ही परत या."

*

सिंधूने अंगणातच यंत्राची बॅग त्यांच्या हातातून काढून घेतली. मुरलीधररावांनी तिला सारे दाखवले: नळ्या कशा जोडायच्या, दिवा तांबडा झाला तर काय करायचे, आणि कोरड्या वजनाचा आकडा आता डॉक्टरच दुरून भरतील, तिने त्याला हात लावायचा नाही.

"आणि खायले किती द्यायचं? सांगून ठेवा. नाहीतर पुन्हा फोन येईल तुमचा."

"मला विचारू नको," ते म्हणाले.

सिंधूच्या ओठांवर आलेला टोमणा तिथेच विरला. "चहा घ्या तरी," ती म्हणाली. पण ते निघाले.

घरी एकट्याने राहताना त्यांनी स्वयंपाकघरात फारसे पाऊल टाकले नाही. फोन करावासा वाटे. पण कुमुद काय जेवली हे विचारल्यावाचून दुसरे काही बोलणे त्यांना सुचेना, आणि तो प्रश्न विचारण्याचा हक्क आपण गमावला आहे असे वाटून हात मागे येई. कधी सिंधूच आपणहून लिहून कळवी: आज काही गेले नाही पोटात, आज ओकली, आज थोडी खिचडी मागून घेतली. 'मागून' हा शब्द त्यांनी पुन्हा पुन्हा वाचला.

शेवटच्या तपासणीला दोघी बहिणी सावद्याहून आल्या आणि मुरलीधरराव भुसावळहून. कुमुद अजून काटकुळीच होती. पण बाकावर डोळे उघडे ठेवून बसली होती, आणि डॉक्टरांनी बोटे पुढे करताच तिने ती अशी आवळली की डॉ. तडवी "अगं आई गं!" म्हणून हसल्या. केसाच्या मुळाशी रेघ वळली होती. फार नाही, पण तिने खालची वाट धरली होती.

"समितीला एवढं पुरे आहे," डॉक्टर म्हणाल्या. कुमुद आणि सिंधू रक्त द्यायला गेल्यावर त्यांनी मुरलीधररावांकडे वळून विचारले, "अभिनंदन, काका. काय केलंत?"

"मी तिथं नव्हतो," मुरलीधरराव म्हणाले.

डॉक्टरांनी पडदा बंद केला.

बाहेर सिंधू गाडी आणायला गेली. दोघेच उरले. कुमुद पदराचे टोक बोटाला गुंडाळीत होती.

"ऑपरेशननंतर मी सावद्यालाच राहीन. कधीपर्यंत, ते आत्ता विचारू नका."

"नाही विचारत."

"सिंधू म्हणते, माणूस वाईट नाही, आडमुठा आहे. मी तिला म्हटलं, आडमुठेपणानं मरतंच की माणूस." तिने पदराचे टोक सोडले. "मला अजून राग येतो. जेवताना तर जास्तच येतो. घास गोड लागला की येतो."

मुरलीधररावांनी मान खाली घातली.

"तुम्ही हाटेलात जेवता म्हणे. रविवारी या. जेवायच्या वेळेला या. पण एक सांगून ठेवते: माझ्या ताटाकडे बघायचं नाही."

रविवारी ते गेले. स्वयंपाकघराच्या कडेला पाट मांडले होते. कुमुद मात्र खुर्चीवर, मांडीवर ताट घेऊन, त्यांच्या उजव्या हाताला बसली होती. सिंधूने वाढले. मुरलीधररावांनी आपल्या ताटातल्या बट्टीवर नजर रोवली आणि ती तिथेच ठेवली. भांड्यावर पळी वाजली. कुमुदचा घास, मग पाण्याचा घोट, मग पुन्हा घास. शेजारच्या प्रत्येक आवाजाने त्यांची मान आपसूक वळू पाहत होती, आणि ते ती बळाने आवरीत होते. आता थांबली. आता थांबली का? ताट सरकवले का?

"सिंधू," कुमुद म्हणाली, "अजून वरण आण गं."

पळी पुन्हा वाजली. किती वाढले, ते मुरलीधररावांना कळले नाही. त्यांनी मान वर केली नाही.